बोटीतून आले १२९ किडे आणि कॅलिफोर्नियाच्या संत्र्याच्या बागा वाचल्या : चार्ल्स रायलीची गोष्ट

कुंडीतल्या जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की बहुतेक जण काय करतात? फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि विचारतात, काय फवारू?

उत्तरंही पटापट येतात. कोणी निंबोळी तेल सांगतं, कोणी साबणाचं पाणी, कोणी थेट कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीचा फोटो पाठवतं. पण ही कीड नेमकी कोणती, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका माणसाने हा क्रम बदलला. पिकावर कीड आली की तो तीन प्रश्न विचारायचा. ही कीड कोण आहे? ती मूळची कुठली? आणि तिच्या गावी तिला कोण खातं?

या तीन प्रश्नांच्या जोरावर त्याने कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा वाचवल्या. त्या माणसाचं नाव चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली.

किड्यांची चित्रं काढणारा पोरगा

रायलीचा जन्म १८ सप्टेंबर १८४३ चा, लंडनमधला. लहानपण गेलं थेम्स नदीकाठच्या वॉल्टन गावात. पुढे शिकायला त्याला आधी फ्रान्समधल्या दिएपला आणि मग जर्मनीतल्या बॉनला ठेवलं. त्यामुळे इंग्रजीसोबत फ्रेंच आणि जर्मनही पक्की झाली. या भाषा पुढे फार उपयोगी पडणार होत्या.

पोराला नाद दोनच, किडे गोळा करणं आणि त्यांची चित्रं काढणं. हात इतका साफ होता की हा चित्रकारच होईल असं वाटावं.

पण १८६० मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी त्याने अमेरिका गाठली आणि इलिनॉय राज्यात एका शेतावर राबायला लागला. तिथे त्याने एक गोष्ट जवळून पाहिली. शेतकरी वर्षभर कष्ट करतो आणि एखादी अळी येऊन आठ दिवसांत सगळं खाऊन जाते. त्या अळीचं नाव काय, ती अंडी कुठे घालते, हिवाळ्यात कुठे लपते, हे मात्र त्या शेतकऱ्याला सांगणारं कोणी नसतं.

शेतात तब्येत साथ देईना म्हणून तो शिकागोला आला. तिथे प्रेरी फार्मर नावाच्या शेतीच्या नियतकालिकात त्याला काम मिळालं. बातम्या लिहायच्या, चित्रं काढायची आणि किडींबद्दल शेतकऱ्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायची. मधे १८६४ मध्ये काही महिने यादवी युद्धात सैनिक म्हणूनही जाऊन आला.

कॉलेजची पदवी नव्हती. पण शेतकऱ्याला समजेल असं लिहिता येत होतं आणि किडा पाहिल्याबरोबर ओळखेल असं चित्र काढता येत होतं.

२४ व्या वर्षी सरकारी किडेवाला

१८६८ मध्ये मिझुरी राज्याने कीटकशास्त्रज्ञाचं पद तयार केलं आणि रायली राज्याचा पहिला सरकारी कीटकशास्त्रज्ञ झाला. तेव्हा त्याचं वय होतं २४.

पुढची नऊ वर्षं त्याने दर वर्षी एक अहवाल लिहिला. सरकारी अहवाल म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, तसे हे अहवाल नव्हते. एकेका किडीचं अंडं, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला कीटक, सगळ्याची रायलीने स्वतः काढलेली चित्रं त्यात असायची. किडीला खाणारे कीटक कोणते, हेही असायचं. इंग्लंडमध्ये बसलेला चार्ल्स डार्विन हे अहवाल आवडीने वाचायचा.

याच काळात टोळधाड आली. १८७० च्या दशकात रॉकी पर्वताकडून टोळांचे थवे मिझुरी, कॅन्सस, नेब्रास्कावर उतरले. उभं पीक गेलं, लोकांवर उपासमारीची वेळ आली. मिझुरीच्या गव्हर्नरने ३ जून १८७५ हा दिवस उपवास आणि प्रार्थनेसाठी जाहीर केला.

रायलीचं म्हणणं होतं की प्रार्थना जरूर करा, पण उपाशी शेतकऱ्यांसाठी पैसेही गोळा करा. आणि टोळ जूनमध्ये आपोआप निघून जातील, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने अंड्यांपासून अभ्यास केला होता. हा टोळ उंचावरच्या कोरड्या प्रदेशातला, सखल भागात तो कायमचा टिकत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. घडलंही तसंच.

तोवर काय करायचं, तेही त्याने सांगितलं. जमीन नांगरून अंडी उघडी पाडा. पंख न फुटलेली पिल्लं चालत येतात, त्यांच्या वाटेत चर खणा. आणि खायला काहीच उरलं नसेल तर टोळच खा. हे नुसतं सांगून तो थांबला नाही. वॉरन्सबर्ग गावात त्याने पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि टोळांचं सूप आणि टोळांची भजी वाढली.

फ्रान्सची द्राक्षं आणि अमेरिकेची मुळं

तिकडे फ्रान्समध्ये वेगळंच संकट आलं होतं. १८६० च्या दशकात तिथल्या द्राक्षवेली वाळायला लागल्या. मेलेली वेल उपटून पाहिली तर मुळाशी काहीच सापडत नव्हतं. कारण साधं होतं. वेल मरेपर्यंत तिचा रस शोषणारी कीड शेजारच्या हिरव्या वेलीवर गेलेली असायची.

१८६८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्याच्या साथीदारांनी जिवंत वेलीची मुळं तपासली, तेव्हा माव्याची नातेवाईक असलेली एक बारीक पिवळी कीड दिसली. तिचं नाव फिलॉक्सेरा.

अमेरिकेत द्राक्षाच्या पानांवर गाठी करणारी एक कीड आधीपासून माहीत होती. फ्रान्सची मुळांवरची आणि अमेरिकेची पानांवरची, या दोन्ही एकच आहेत का? रायली १८७१ मध्ये फ्रान्सला गेला, नमुने ताडून पाहिले आणि सांगितलं की कीड एकच आहे आणि ती अमेरिकेतूनच इकडे आली आहे.

एकदा ओळख पटल्यावर उपायाची दिशा सापडली. अमेरिकेतल्या रानटी द्राक्षवेली या किडीसोबत हजारो वर्षं जगत आल्या होत्या. त्यांच्या मुळांना तिची सवय होती. मग खाली अमेरिकन वेलीचा खुंट आणि वर फ्रेंच द्राक्षाचं कलम, असा मार्ग प्लांशाँ, रायली आणि इतरांनी पुढे नेला. मिझुरीतल्या रोपवाटिकांमधून बोटी भरभरून काड्या फ्रान्सला गेल्या. फ्रान्सने रायलीला सुवर्णपदक दिलं आणि पुढे लीजन ऑफ ऑनर हा सन्मानही दिला.

नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना खुंटावर कलम ही गोष्ट नवीन नाही. आपल्याकडे वापरला जाणारा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकन रानटी द्राक्षाचाच. इथे त्याचा उपयोग मुख्यतः क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी होतो, पण कल्पना तीच.

रायलीने याच काळात आणखी एक प्रयोग केला. १८७३ मध्ये फिलॉक्सेराला खाणारी एक कोळीवर्गीय कीड त्याने अमेरिकेतून फ्रान्सला पाठवली. ती तिथे जगली, पण फिलॉक्सेरा काही आटोक्यात आला नाही. प्रयोग फसला. किडीचा शत्रू एका खंडातून दुसऱ्या खंडात नेता येतो, हे मात्र त्यातून कळलं. दहा वर्षांनी त्याने कोबीवरच्या अळीला मारणारी एक छोटी गांधीलमाशी इंग्लंडमधून अमेरिकेत आणली.

संत्र्याच्या झाडांवर पांढरा कापूस

१८७८ मध्ये रायली वॉशिंग्टनला केंद्रीय कृषी विभागात गेला. वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून वर्षभरात बाहेर पडला आणि १८८१ मध्ये पुन्हा त्याच खुर्चीवर आला. स्वभाव तसाच होता. हुशार, मेहनती, पण श्रेयाच्या बाबतीत हळवा आणि भांडायला तयार. लांब केस, मोठ्या मिशा आणि थाटाचे कपडे यामुळे तो चारचौघांत उठून दिसायचा.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई कॅलिफोर्नियात वाट पाहत होती.

१८६० च्या दशकाच्या शेवटी मेन्लो पार्क इथे बाभळीच्या जातीच्या परदेशी झाडांवर एक कीड दिसली. तिचं नाव कॉटनी कुशन स्केल, म्हणजे एक प्रकारची खवले कीड. मादी फांदीला चिकटून रस शोषते आणि पाठीमागे पांढऱ्या कापसाची, उभ्या रेघा असलेली पिशवी तयार करते. एकेका पिशवीत शेकडो अंडी. अंगातून गोड चिकटा गळतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि झाड काळवंडतं.

१८८० च्या दशकात ही कीड लॉस एंजेलिसच्या संत्र्याच्या बागांमध्ये पसरली. फांद्या बर्फ पडल्यासारख्या पांढऱ्या दिसायला लागल्या. शेतकऱ्यांनी रॉकेलची मिश्रणं फवारली, साबण फवारला. डॅनियल कॉकिलेट हा रायलीचाच माणूस. त्याने झाडावर तंबू टाकून आत विषारी सायनाइड वायू सोडायची पद्धत काढली. ती चालायची, पण महाग होती, धोक्याची होती आणि शेजारच्या बागेतून कीड परत यायची. काहींनी झाडं उपटून जाळायला सुरुवात केली.

रायलीने आपले तीन प्रश्न विचारले. कीड कोणती, हे माहीत होतं. मूळची कुठली? पत्रव्यवहार आणि नमुने पाहून त्याने ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं. तिथे तिला कोण खातं? ऑस्ट्रेलियात ही कीड होती, पण तिने कुठे बागा उजाड केल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणजे कोणीतरी तिला ताब्यात ठेवत असणार. अ‍ॅडलेडच्या फ्रेझर क्रॉफर्डने अशी एक माशी शोधलीही होती. तिच्या अळ्या या किडीच्या अंगात वाढून तिला मारायच्या.

एप्रिल १८८७ मध्ये रिव्हरसाइड इथे बागायतदारांच्या सभेत रायलीने सांगितलं की या किडीचे शत्रू ऑस्ट्रेलियातून आणायला हवेत.

माणूस पाठवायचा, पण पैसे कुठून आणायचे?

इथे सरकारी नियम आडवा आला. कीटक विभागाच्या माणसांनी सरकारी खर्चाने परदेशी जायचं नाही, अशी बंदी अमेरिकन संसदेने घातली होती.

मग तोड निघाली. १८८८ मध्ये मेलबर्नला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं आणि अमेरिकेचं शिष्टमंडळ तिथे जाणार होतं. त्या शिष्टमंडळाच्या खर्चातून २,००० डॉलर काढून एक माणूस पाठवायचं ठरलं. कागदोपत्री तो प्रदर्शनाचा माणूस, प्रत्यक्षात कीडशोध्या. त्याचं नाव अल्बर्ट कोबेले, मूळचा जर्मन आणि रायलीचा सहाय्यक.

२५ ऑगस्ट १८८८ ला कोबेले बोटीने निघाला. काम होतं क्रॉफर्डची माशी आणायचं. त्याने सुमारे १२ हजार माश्या पाठवल्याही. पण १५ ऑक्टोबरला उत्तर अ‍ॅडलेडमधल्या एका बागेत त्याला वेगळंच काही दिसलं. लाल आणि काळ्या रंगाचा एक छोटा लेडीबर्ड बीटल ही खवले कीड मजेत खात होता. त्याला तेव्हा वेडालिया म्हणायचे. आज शास्त्रीय नाव रोडोलिया कार्डिनालिस.

कोबेलेने तेही डब्यांत भरले, सोबत प्रवासापुरतं खाणं म्हणून खवले कीड ठेवली आणि बोटीच्या थंड खोलीतून रवाना केले. जवळपास महिनाभराचा समुद्रप्रवास होता.

१२९ चे झाले १० हजार

३० नोव्हेंबर १८८८ ते २४ जानेवारी १८८९ या काळात तीन खेपांमध्ये जिवंत पोहोचलेले बीटल होते २८, ४४ आणि ५७. एकूण १२९.

लॉस एंजेलिसमधल्या वुल्फस्किलच्या बागेत कॉकिलेटने किडीने भरलेल्या एका झाडावर जाळीचा तंबू उभारला आणि हे बीटल आत सोडले. मादीने कापसाच्या पिशवीवर अंडी घातली, अळ्या बाहेर आल्या आणि थेट पिशवीतली अंडी खायला लागल्या.

एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत त्या झाडावरची कीड संपली. तंबूची एक बाजू उघडली आणि बीटल शेजारच्या झाडांवर गेले. मग शेतकरी डबे घेऊन यायला लागले. १२ जून १८८९ पर्यंत १०,५५५ बीटल २०८ बागायतदारांना वाटून झाले होते. वर्षभरात लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणारी संत्री रेल्वेच्या ७०० डब्यांवरून २,००० डब्यांवर गेली.

हे जमलं कशामुळे? एक तर वेडालिया मुख्यतः याच खवले किडीवर आणि तिच्या जवळच्या नातेवाइकांवर जगतो, त्यामुळे दुसरं काही खायला फारसा भटकत नाही. दुसरं, त्याची पिढी किडीपेक्षा लवकर तयार होते. तिसरं, तो किडीला पूर्ण संपवत नाही. थोडी कीड उरते, तिच्यावर थोडे बीटल उरतात आणि कीड वाढली की तेही वाढतात. एकदा सोडल्यावर पहारा आपोआप चालू राहतो.

श्रेय कोणाचं?

यानंतर खरं तर आनंदीआनंद व्हायला हवा होता. झालं उलटं.

बागायतदारांनी कोबेलेला सोन्याचं घड्याळ आणि त्याच्या बायकोला हिऱ्याची कर्णभूषणं दिली. त्यांच्या दृष्टीने नायक होता तो. रायलीला हे लागलं. योजना त्याची, परवानग्यांसाठी धडपड त्याची, मग नाव दुसऱ्याचं कसं, असा त्याचा सवाल होता. कॅलिफोर्नियाचे फलोत्पादन अधिकारी म्हणत होते की पाठपुरावा तर आम्हीच केला.

खरं पाहिलं तर कोणा एकट्याचं हे काम नव्हतंच. क्रॉफर्डने माशी दाखवली, रायलीने योजना आखली, कोबेलेने बीटल हेरला, कॉकिलेटने तो वाढवला.

भांडणाचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. कॅलिफोर्नियात अनेकांना वाटायला लागलं की आता प्रत्येक किडीवर एक लेडीबर्ड आणला की काम झालं. रायलीने सावध केलं की हे यश प्रत्येक वेळी मिळणार नाही. तो फवारणीच्या विरोधात कधीच नव्हता. बटाट्यावरच्या भुंग्यासाठी त्याने विषारी पॅरिस ग्रीनची शिफारस केली होती, रॉकेलचं मिश्रण आणि फवारणीचं नोझल सुधारण्यातही त्याच्या विभागाचा हात होता. कीड पाहून उपाय ठरवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण लोकांना जादू हवी होती आणि हा जादूवर शंका घेत होता.

वाद चिघळला. कोबेले आणि रायली यांचे मार्ग वेगळे झाले. १८९४ मध्ये रायलीनेही सरकारी नोकरी सोडली. आपला १ लाख १५ हजारांहून जास्त कीटकांचा संग्रह त्याने त्याआधीच राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकला होता. आज स्मिथसोनियनमध्ये असलेल्या प्रचंड कीटकसंग्रहाचा पाया तोच.

१४ सप्टेंबर १८९५ च्या दिवशी तो वॉशिंग्टनमध्ये सायकलवरून वेगाने उतार उतरत होता. एका गाडीतून रस्त्यावर पडलेल्या ग्रॅनाइटच्या दगडावर चाक आदळलं. डोक्याला मार लागला आणि त्याच दिवशी तो गेला. ५२ वा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

पुढे काय झालं?

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या बागांमध्ये डीडीटी आलं. इतर किडींसाठी केलेल्या फवारणीत वेडालिया मेले आणि पन्नासेक वर्षं दबून असलेली खवले कीड पुन्हा उसळली. फवारणी आवरून बीटल परत सोडले, तेव्हा ती आटोक्यात आली.

भारतातही हा बीटल आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निलगिरीमध्ये वॅटलच्या झाडांवर हीच कीड पसरली, तेव्हा वेडालिया परदेशातून आणून सोडले गेले आणि ते तिथे रुळले.

अलीकडचं उदाहरण पपईचं. २००८ मध्ये कोइम्बतूरजवळ पपईवर नवा पिठ्या ढेकूण दिसला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पोहोचला. फवारण्या करून शेतकरी थकले. शास्त्रज्ञांनी कीड ओळखली, ती मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची निघाली. मग २०१० मध्ये बेंगळुरूच्या सरकारी कीटक संस्थेने अमेरिकन कृषी विभागाच्या मदतीने, म्हणजे रायलीच्याच जुन्या खात्याच्या मदतीने, पोर्तो रिकोहून तीन जातींच्या बारीक गांधीलमाश्या आणल्या. त्यातल्या अ‍ॅसेरोफॅगस पपायी या माशीने सगळ्यात चांगलं काम केलं. पद्धत रायलीचीच होती.

आता पुन्हा त्या जास्वंदीकडे. पांढरं काही दिसलं की आधी भिंग घ्या किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या. पिठ्या ढेकूण लहान, चपटा, कडेला आखूड पांढरे दोरे असलेला आणि जेमतेम हलणारा असतो. त्याच्यातच एखादा प्राणी मोठा, लांब झुपकेदार पांढऱ्या दोऱ्यांचा आणि भराभर चालणारा दिसला तर थांबा. ती क्रिप्टोलेमस या लेडीबर्डची अळी असू शकते आणि ती पिठ्या ढेकूण खायलाच आलेली असते. मोठी झाली की काळसर पाठ आणि नारिंगी डोकं असलेला भुंगा होतो. हा बीटलही मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कोबेलेने तो दुसऱ्या सफरीत कॅलिफोर्नियाला पाठवला आणि भारतात तो १८९८ पासून आहे. कीड समजून लोक त्यालाच चिरडतात.

खोडावर मुंग्यांची रांग आहे का, तेही बघा. चिकट्यासाठी मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. मुंग्यांची वाट बंद केली, पाण्याच्या जोरदार धारेने कीड धुतली आणि फार भरलेली फांदी छाटली, तर घरच्या कुंडीत बहुतेक वेळा बाटली उघडायची गरजच पडत नाही.

आणि ग्रुपवर फोटो टाकलाच, तर काय फवारू याच्या आधी हे कोण आहे ते विचारा. रायलीने आयुष्यभर तेच विचारलं.